डासांचे मलम, फवारणीचे औषध आणि प्लॅस्टिक-रबर: चष्मा धुरकट का होतो, पंपाचा वायसर का फुगतो?

डास चावू नयेत म्हणून हातापायाला मलम चोळले किंवा स्प्रे मारला आणि तोच हात चष्म्याला, विजेरीच्या काचेला, मोटारसायकलच्या सीटला किंवा गाडीच्या डॅशबोर्डला लागला, तर तिथे बोटांचे ठसे उमटतात. जागा चिकट होते, चकाकी जाते, कधी रंगही उतरतो. फडक्याने कितीही पुसले तरी हे डाग जात नाहीत. कारण तो मळ नसतो. तेवढ्या जागी प्लॅस्टिकच मऊ पडून विरघळलेले असते.

सीटवर डाग पडला तर नुकसान दिसण्यापुरतेच राहते. पण असाच परिणाम फवारणीचा गॉगल, हातमोजे आणि पाठीवरच्या पंपाचे वायसर यांच्यावर होतो, तेव्हा प्रश्न जिवाचा होतो. म्हणून हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

वाशीम जिल्ह्यातील केनवड आणि रिसोड तालुक्याच्या शिवारात डासांचे मलम व फवारणीचे औषध एकाच माणसाच्या हातावर येण्याचे प्रसंग वर्षातून दोनदा येतात. पहिला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सोयाबीन दाटलेले असते, शेतात ओल असते, डास भरपूर असतात आणि चक्रीभुंगा, खोडमाशी व पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारण्या सुरू असतात. दुसरा रब्बीत. हरभरा-गव्हाला रात्रीच्या लाईनवर ओलित करावे लागते, शिवाय रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागल असते. रात्रभर धुऱ्यावर बसायचे म्हटल्यावर मलमाची ट्यूब खिशात असतेच. घाटेअळीची फवारणीही याच दिवसांत येते.

मलमात असते काय?

डास दूर ठेवणाऱ्या रसायनांत जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे नाव म्हणजे डीट. अमेरिकेच्या कृषी विभागाने ते तेथील सैन्यासाठी तयार केले. 1946 पासून सैन्यात आणि 1957 पासून सामान्य लोकांत त्याचा वापर सुरू झाला. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या मलमांवर बहुधा ‘डायइथिल बेंझामाइड 12 टक्के’ असे छापलेले असते. हे रसायन डीटच्याच कुळातले आहे. स्प्रेच्या बाटल्यांत, विशेषतः बाहेरदेशातून आणलेल्या बाटल्यांत, डीटचे प्रमाण 25, 30, कधी 50 टक्क्यांच्या वरही असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. टक्केवारी जास्त म्हणजे औषध ‘कडक’ आणि डास जास्त पळतात, असे नाही. टक्केवारी वाढली की परिणाम जास्त तास टिकतो, तोही साधारण 50 टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे फारसा फरक पडत नाही. प्लॅस्टिकचे नुकसान मात्र टक्केवारीबरोबर वाढतच जाते. तीन-चार तासांच्या ओलितासाठी 50 टक्क्यांची बाटली घेण्यात काही अर्थ नाही.

कातडीवर योग्य प्रमाणात लावले तर ही रसायने सुरक्षित मानली जातात. मग कातडीला न बाधणारी वस्तू प्लॅस्टिकला कशी बाधते?

पाइपच्या सोल्युशनने काय होते ते आठवा

पीव्हीसी पाइप जोडताना आपण टोकाला सोल्युशन लावतो. ते फेव्हिकॉलसारखे नुसते चिकटत नाही. त्यातील द्रावक पाइपचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग थोडा विरघळवते, दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की जोड एकजीव होतो. थर्माकोलवर पेट्रोलचे दोन थेंब पडले की क्षणात खड्डा पडतो, तोही हाच प्रकार.

डीट हे असेच एक द्रावक आहे, फक्त सावकाश काम करणारे. पेट्रोल मिनिटभरात उडून जाते. डीट लवकर उडत नाही, म्हणूनच तर ते कातडीवर काही तास टिकते. आणि म्हणूनच ते प्लॅस्टिकवरही तितकेच टिकून राहते. प्लॅस्टिकच्या लांब साखळ्यांमध्ये ते हळूहळू शिरते, साखळ्या सैल होतात, पृष्ठभाग आधी मऊ आणि चिकट होतो, मग त्यावर धूळ बसते, ठसे उमटतात. आधीपासून ताण असलेल्या जागी, म्हणजे स्क्रूजवळ, बिजागरीजवळ किंवा चष्म्याच्या काडीच्या वळणावर, केसासारख्या बारीक चिरा पडतात. उन्हात तापलेल्या गाडीत हे सगळे आणखी वेगाने होते.

सगळे प्लॅस्टिक सारखे नसते. गॉगल व हेल्मेटच्या काचेचे पॉलिकार्बोनेट, विजेरीचे आणि गाडीच्या डॅशबोर्डचे एबीएस, अॅक्रिलिक, थर्माकोलचे पॉलिस्टायरीन, चष्म्याच्या फ्रेमचे अॅसिटेट आणि सीटच्या रेक्झिनवरचा पीव्हीसीचा थर यांच्या साखळ्या अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. द्रावकाला आत शिरायला वाट मिळते. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन आणि नायलॉन यांच्या साखळ्या बऱ्याच ठिकाणी एकमेकींना घट्ट लागून रचलेल्या असतात, तिथे त्याचा फारसा शिरकाव होत नाही. म्हणून डासांच्या स्प्रेची बाटली स्वतः विरघळत नाही, ठिबकच्या काळ्या नळीला काही होत नाही, फवारणी पंपाची टाकी आणि ताडपत्रीही टिकते. कपड्यांत सुती, लोकरी आणि नायलॉनला धोका नाही. ताणले जाणारे स्पॅन्डेक्स, रेयॉन, चामडे आणि रंग किंवा व्हार्निश मारलेले लाकूड मात्र खराब होते.

जागलीवर बसणाऱ्यांसाठी यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू विजेरी आहे. स्वस्त विजेरीची पुढची काच खरे तर प्लॅस्टिकची असते. मलमाचा हात वारंवार लागून ती धुरकट झाली की उजेड पसरतो आणि पायापुढचे नीट दिसत नाही. ओलिताच्या रात्री दांडातून चालताना विंचू-साप वेळेवर दिसणे याच उजेडावर अवलंबून असते.

फवारणीच्या औषधातही द्रावक असतेच

आता खरा मुद्दा. कीटकनाशकाच्या बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ लिहिलेले असते, उदाहरणार्थ क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी किंवा प्रोफेनोफॉस 50 टक्के ईसी. तणनाशकांतही क्विझालोफॉप इथाइल 5 टक्के ईसी आहे. ईसी म्हणजे मूळ विषारी घटक पाण्यात विरघळत नाही म्हणून तो झायलीनसारख्या पेट्रोलियम द्रावकात विरघळवून, पाण्यात मिसळावा यासाठी त्यात साबणासारखा घटक घातलेला असतो. पाण्यात टाकल्यावर दुधासारखा पांढरा रंग येतो तो यामुळेच. बाटली उघडल्यावर येणारा तिखट वास बराचसा या द्रावकाचा असतो.

क्लोरपायरीफॉस 20 ईसीच्या 100 मिलि बाटलीत मूळ घटक अवघा 20 ग्रॅम असतो. उरलेल्यात मुख्य वाटा द्रावकाचा. म्हणजे बाटलीतले न मिसळलेले औषध हे डासांच्या मलमापेक्षा कितीतरी पटीने जोरकस द्रावक आहे. पाण्यात मिसळल्यावर त्याचा जोर कमी होतो, संपत नाही. ‘एससी’, ‘डब्ल्यूजी’, ‘एसजी’ किंवा ‘एसपी’ लिहिलेली औषधे पाण्यावर आधारित किंवा दाणेदार-भुकटी स्वरूपाची असतात. त्यात असे द्रावक नसते किंवा फारच कमी असते. त्याच किडीसाठी शिफारशीत दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर पंपाच्या आणि माणसाच्या दृष्टीने दुसरा प्रकार सोयीचा. अर्थात निवड आधी कीड आणि शिफारस पाहून करायची, वायसर पाहून नाही.

पंप पाठीवर का गळतो?

सोळा लिटरच्या पंपाची टाकी पॉलिथिनची असते, तिला द्रावकाने काही होत नाही. गळतात ते जोड: झाकणाखालचा वायसर, नळी जिथे टाकीला आणि दांडीला जोडते ती जागा, दांडीच्या खटक्यातील बारीक ओ-रिंग आणि हातपंपाच्या पिस्टनचा कप. हे सगळे रबराचे असते. साधे, म्हणजे नैसर्गिक रबर पेट्रोलियम द्रावकात फुगते. फुगलेला वायसर आधी घट्ट बसतो, खटका अडकतो. पुढे वाळला की आकसतो, कडक होतो, तडकतो आणि मग तिथून थेंब सुरू होतात. नायट्राइल रबर तेल व रॉकेलसारख्या द्रावकाला बऱ्यापैकी तोंड देते. व्हायटॉनचे वायसर त्याहून टिकाऊ असतात, पण महाग. दुकानात वायसर मागताना नुसते ‘पंपाचा वायसर’ न म्हणता ‘नायट्राइलचा’ म्हणून मागावा. पाच-दहा रुपयांच्या फरकाकडे पाहू नये.

वायसर सर्वांत जास्त खराब होतो तो फवारणी करताना नाही, फवारणी झाल्यावर. उरलेले द्रावण टाकीत तसेच ठेवून ‘उद्या मारू’ म्हणून पंप कोपऱ्यात ठेवला की रात्रभर रबर त्यात भिजते. संध्याकाळी कितीही कंटाळा आला तरी पंप स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावा, प्रत्येक वेळी थोडे पाणी दांडीतून आणि नोझलमधून बाहेर काढावे. धुतलेले पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये, फवारलेल्या पिकाच्याच तासात सोडावे. पंप साफ करायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरण्याची सवय काहींना असते. त्याने पंप चकाचक दिसतो आणि वायसर मरतो.

हंगामाच्या पहिल्या फवारणीआधी पंपात साधे पाणी भरून, पाठीवर न घेता, दगडावर ठेवून पाच मिनिटे दाब देऊन पाहावा. ज्या जोडातून पाणी येते त्याच जोडातून पुढे औषध येणार आहे आणि ते पाठीवरून कमरेपर्यंत ओघळणार आहे. औषधाने भिजलेला सदरा अंगावर तासभर राहिला तर विष नाकातोंडातून जाण्यापेक्षा कातडीतून जास्त जाते. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. त्यामागे उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मनमानी मिसळ, उष्ण-दमट हवा अशी अनेक कारणे होती. त्यानंतर दर हंगामात सुरक्षा संच वापरण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो योग्यच आहे. पण संच वाटला म्हणजे काम झाले असे नाही. त्यातला हातमोजा कशाचा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

हातमोजे: पातळ, पांढरा आणि फसवा

दवाखान्यात वापरतात तसे पातळ पांढरे लेटेक्सचे हातमोजे नैसर्गिक रबराचे असतात. ईसी औषधासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. द्रावक रबर फुगवून आरपार जाते आणि गंमत अशी की मोजा फाटलेला दिसत नाही. हात कोरडा वाटतो, माणूस निर्धास्त राहतो, आणि आत घामाने ओल्या कातडीवर औषध दाबून धरले जाते. अशा मोज्यापेक्षा उघडा हात लगेच साबणाने धुतलेला परवडला, असे म्हणायची वेळ येते. सुती किंवा चामड्याचे मोजे तर औषध शोषून घेतात. ते अजिबात वापरू नयेत.

बाटलीतून औषध मोजताना आणि पंपात ओतताना जाड नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे, आतून कापडी अस्तर नसलेले मोजे घालावेत. जाडी साधारण 0.4 मिलिमीटर असावी. एकदा वापरून फेकायचे निळे मोजे याच्या पाव जाडीचे असतात, ते या कामाला पुरत नाहीत. काढण्याआधी मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत. मोजा फुगलेला, चिकट किंवा रंग बदललेला दिसला तर तो संपला. घरात भांडी घासायला किंवा गोठ्यात वापरायला देऊ नये.

मलम आधी की फवारणी आधी?

शेतात डास आहेत आणि फवारणीही करायची आहे, अशा वेळी बरेच जण मलम लावून फवारणीला निघतात. हे दोन कारणांनी टाळावे.

पहिले कारण वर आले: मलमाच्या हाताने गॉगल चढवला, खटका धरला, मोबाइल काढला की त्या त्या वस्तूवर द्रावक पोहोचते. गॉगल एकदा धुरकट झाला की माणूस तो कपाळावर सरकवतो आणि उघड्या डोळ्यांनी फवारतो. नव्या गॉगलची किंमत दीडशे-दोनशे रुपये असेल, डोळ्याची किंमत कशात करायची?

दुसरे कारण कातडीचे. डीट स्वतः कातडीत शिरताना सोबतच्या काही रसायनांनाही आत जायला मदत करते. 2,4-डी हे तणनाशक डीट असलेल्या लेपामुळे कातडीतून जास्त प्रमाणात आत जाते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी 2,4-डी आपल्याकडे वापरले जाते, तेव्हा ही गोष्ट लांबची नाही.

म्हणून फवारणीच्या वेळी मलम नको. अंगभर सुती कपडे, पूर्ण बाह्या, पँटच्या पायाखाली मोजे-बूट, डोक्याला फडके: औषधापासून वाचवणारा हाच पोशाख डासांनाही बऱ्यापैकी अडवतो. फवारणी संपली, कपडे वेगळे टाकले, साबणाने अंघोळ झाली, की मग मलम लावावे. ज्या दिवशी फक्त ओलित किंवा जागल आहे त्या दिवशी मलम खुशाल लावावे, पण उघड्या भागावरच, कपड्याखाली नाही. लावून झाल्यावर तळवे आणि बोटे साबणाने धुवावीत. धुऱ्यावर पाणी नसेल तर हाताच्या उलट्या बाजूने चोळावे, म्हणजे तळवे कोरडे राहतात. तोंडाला लावायचे तर चष्मा आधी काढून ठेवावा आणि मलम जिरल्यावर, चार-पाच मिनिटांनी, घालावा. लहान मुलांच्या हाताला मलम लावू नये, ते डोळ्यात-तोंडात जाते. दोन महिन्यांच्या आतील बाळाला डीट लावूच नये, मच्छरदाणी हाच उपाय.

पिकारिडिन नावाचे डास-प्रतिबंधकही काही स्प्रेमध्ये मिळते. त्याचा प्लॅस्टिकवर असा परिणाम होत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी मिळाल्यास ते घ्यावे. कडुनिंबाचे तेल खोबरेल तेलात मिसळून लावण्याची पद्धत जुनी आहे, पण तिचा परिणाम लवकर ओसरतो. आणि तेलकट हाताने लेटेक्सचा मोजा घातला तर तेलही रबर फुगवतेच, त्यामुळे ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असे समजू नये.

गाडी आणि मोटारसायकल

बऱ्याच मोटार कंपन्यांच्या माहितीपुस्तकात डासांचे औषध किंवा उन्हाचे मलम आतील प्लॅस्टिकला लागल्यास लगेच पुसावे, अशी सूचना असते. ती कोणी वाचत नाही. मलम किंवा स्प्रे गाडीत बसून न मारता बाहेर उभे राहून, वाऱ्याची दिशा पाहून मारावा. सीटला किंवा दाराच्या हाताटेकणीला लागलेच तर कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके. घासू नये, टिपावे. पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे पाणी लावले तर होते तेही प्लॅस्टिक जाईल. ठसे आत उतरले असतील तर ते परत जात नाहीत. हेल्मेटची काचही फक्त साबणाच्या पाण्याने धुवावी.

औषधाची बाटली डिकीत किंवा सीटखाली ठेवून गावाला नेणे हा त्याहून मोठा धोका आहे. रिसोड किंवा मालेगावहून औषध आणताना झाकण थोडेसे जरी सैल असले तरी रेक्झिन, त्याखालचा फोम आणि शेजारी ठेवलेला किराणा, सगळे एकदम बाधित होते. फोमात मुरलेले औषध धुऊन निघत नाही. बाटली जाड पॉलिथिनच्या पिशवीत, ती बादलीत उभी आणि बादली माणसांच्या जागेपासून वेगळी, एवढे केले तरी पुष्कळ.

औषध अंगावर सांडून चक्कर, मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, घाम किंवा दृष्टी अंधुक होणे अशी लक्षणे दिसली तर कपडे तत्काळ काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरांना औषधाचे नाव कळणे उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. पिकावरील औषधाच्या निवडीबाबत करडा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर विचारता येते.

शेतीशाळेत दाखवता येईल असा प्रयोग

कृषी सहायक व कृषिमित्रांनी मोज्यांबद्दल कितीही सांगितले तरी डोळ्याने दिसल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी विषारी औषध लागत नाही. लेटेक्सच्या मोज्याचे एक बोट आणि जाड नायट्राइलच्या मोज्याचे एक बोट कापून घ्यावे, दोन्ही पट्ट्यांची लांबी-रुंदी पट्टीने मोजून कागदावर लिहावी आणि झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत थोडे रॉकेल घालून त्या रात्रभर बुडवून ठेवाव्यात, चूल आणि बिडीपासून लांब. दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून त्याच पट्टीने पुन्हा मोजावे. लेटेक्सची पट्टी फुगून मोठी, लिबलिबीत झालेली असते आणि बोटाने ओढली की सहज तुटते. नायट्राइलच्या पट्टीत फरक किरकोळ असतो. शक्य असेल तर पंपाचा एक जुना वायसरही त्याच बरणीत टाकावा. गावातल्या दुकानात मिळणारा वायसर कोणत्या रबराचा आहे, हे त्यातच कळते.